कॅलामाइन लोशन, म्हणजे ती गुलाबी बाटली: खाजेला साडेतीन स्टार, पुरळ ओळखायला शून्य

आधीच सांगून टाकते, कराडात आमचं मेडिकल आहे, मी डी.फार्म करून बरीच वर्षं काउंटरवर उभी असते आणि ही बाटली मी रोज विकते, त्यामुळे हा रिव्ह्यू गिऱ्हाइकाचा नाही, विकणारीचा आहे. तरी पूर्ण मार्क देणार नाहीये. शाळा उघडल्या, पाऊस लागला की दुकानात एकच डायलॉग, "ताई, पोराच्या अंगावर उठलंय, लावायला काहीतरी द्या." पोरगं घरी, आई नाहीतर बाबा दुकानात, पुरळ कसलं ते कुणालाच माहीत नाही, आणि ते "काहीतरी" म्हणजे शेवटी हेच असतं.

बाटलीत काय आहे ते एकदा बघा. कॅलामाइन म्हणजे मुख्यतः झिंक ऑक्साइड आणि त्यात थोडंसं आयर्न ऑक्साइड, गुलाबी रंग त्या लोखंडाचा. लावलं की पाणी उडतं, गार वाटतं, मागे पावडरचा थर राहतो, ओलसर फोड जरा सुकतात आणि खाजेवरून मुलाचं लक्ष थोडा वेळ हटतं. एवढंच. व्हायरस मरत नाही, आजार एक दिवसही लवकर बरा होत नाही, कांजिण्यांचे डाग पडायचे थांबत नाहीत. यावर मोठे भक्कम अभ्यासही फारसे नाहीत खरंतर, पण स्वस्त आहे, सेफ आहे आणि रात्री दोन वाजता खाजवत बसलेल्या पोराला झोप लागली तर आईला तेवढंच हवं असतं, म्हणून साडेतीन.

दीड स्टार कापला तो रंगासाठी. हसू नका, सिरियसली सांगतेय. लोशन सुकलं की अंगभर पांढरट गुलाबी थर बसतो आणि मग डॉक्टरला फोडात पाणी आहे की तो भरीव आहे, डाग दाबल्यावर फिका पडतो की नाही, काहीही दिसत नाही. आमच्या समोर बालरोगतज्ज्ञ मॅडमचं क्लिनिक आहे, तिथे सिस्टर ओल्या कापसाने लोशन पुसत बसते आणि पोरगं किंचाळत असतं, हे पावसाळ्यातलं नेहमीचं दृश्य. म्हणून माझ्याकडून बाटली घेणाऱ्याला मी एक गोष्ट सांगतेच, आधी फोटो काढा मग लावा. दिवसाउजेडी, खिडकीपाशी, फ्लॅश बंद, एक जवळून आणि एक लांबून, तळहात तळपाय पण घ्या आणि पोरगं तोंड उघडत असेल तर तोंडाच्या आतला पण. पुरळ दुसऱ्या दिवशी बदलतं, तो पहिल्या दिवसाचा फोटो डॉक्टरला सोन्याइतका कामाचा असतो.

आणि हो, गुगलवरच्या फोटोंशी जुळवत बसू नका. ते बहुतेक गोऱ्या पोरांचे असतात, तिथे सगळं कसं लालेलाल दिसतं. आपल्या सावळ्या पोरांच्या अंगावर गोवर तांबूस-तपकिरी दिसतो, कधीकधी डोळ्यांना कळतच नाही आणि हात फिरवल्यावर खरखर लागते तेव्हा कळतं. त्यामुळे नुसता रंग बघून उपयोग नाही, सुरुवात कुठून झाली, ताप आधी आला की नंतर, खाज आहे की दुखतंय आणि पोरगं खेळतंय की मलूल पडलंय, हे चार प्रश्न रंगापेक्षा जास्त सांगतात. दुकानात मी हेच विचारते, लोकांना वाटतं बाई चौकशा फार करते.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो तो कांजिण्या आणि हँड फूट माउथ यांच्यात, कारण दोन्हीत पाण्याचे फोड.

कांजिण्या पोट, पाठ, छाती, चेहरा इथे जास्त. आधी लाल डाग, त्यावर काही तासांत पाण्याचा फोड, मग खपली, आणि मुख्य खूण म्हणजे एकाच वेळी एकाच पोटावर हे तिन्ही प्रकार सापडतात कारण फोड एकदम येत नाहीत, दोन-चार दिवस नवे नवे निघत राहतात. डोक्यात केसांतही सापडतात. खाज भयंकर. तळहात तळपायावर फार नसतात. (जुने डॉक्टर देवी आणि कांजिण्या यातूनच वेगळ्या काढायचे, देवीचे फोड सगळे एकाच वयाचे आणि हातापायावर, चेहऱ्यावर दाट. भारत १९७७ मध्ये देवीमुक्त जाहीर झाला, आता ती खूण आज्जी-आजोबांच्या दंडावर देवी टोचलेली तेवढी उरलीय.)

हँड फूट माउथ उलटं. तळहात, तळपाय, कुल्ले, गुडघे, आणि तोंडात जिभेला, गालाच्या आतून छाले. हातापायावरचे फोड लांबट, करडे. खाज कमी, दुखणं जास्त, आणि पोरगं जेवत नाही म्हणून आई दुकानात भूक लागायचं टॉनिक मागायला येते. भूक असते हो, तोंड भाजल्यासारखं होतं म्हणून ते गिळत नाही. इथे कॅलामाइनचा उपयोग जवळजवळ नाही, कारण खाजच नाही, आणि तोंडात तर लावायचंच नाही. गार ताक, दूध, नारळपाणी, घोट घोट, लघवी नीट होतेय का याकडे लक्ष, तिखट आंबट बंद, वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, आठ-दहा दिवसांत बरं होतं. नंतर काही आठवड्यांनी नखं सुटून येतात त्याने लोक घाबरतात, पण खालून नवं नख येत असतं. २०२२ मध्ये केरळात कोल्लमला "टोमॅटो फ्लू" म्हणून जो गाजावाजा झाला तो म्हणजे बऱ्याच अंशी हाच आजार निघाला, नाव मात्र असं की आमच्याकडे लोक टोमॅटो खाऊ का विचारायला आले.

घोळ कुठे होतो तर या आजाराचा एक व्हायरस आहे, कॉक्सॅकी ए सिक्स, त्यात फोड हातापायापुरते राहत नाहीत, तोंडाभोवती, मांड्यांवर, पूर्वी एक्झिमा असलेल्या जागी भसाभस येतात आणि हुबेहूब कांजिण्या वाटतात. उलट बाजूने कांजिण्यांची लस घेतलेल्या पोराला कांजिण्या झाल्याच तर पन्नासपेक्षा कमी, पाणी नसलेले, डास चावल्यासारखे दिसतात. अशा वेळी मी अंदाज सांगत नाही, सरळ समोरच्या क्लिनिककडे बोट दाखवते.

आणखी एक, हँड फूट माउथचा व्हायरस शी मधून आठवडेच्या आठवडे बाहेर पडत असतो आणि सॅनिटायझरला फारसा दाद देत नाही, साबण-पाणीच हवं. डायपर बदलणाऱ्याने हात धुवा. पाळणाघरवाल्यांनी तर नक्कीच.

आता गोवर. इथे ही बाटली शून्य स्टार, आणि माझा राग पण इथेच आहे, कारण लोक गोवराला साधं पुरळ समजून लोशन लावून घरी बसतात. गोवरात पुरळ नंतर येतं. आधी तीन-चार दिवस चढता ताप, नाक गळतंय, कोरडा खोकला, डोळे लाल आणि पाणावलेले, उजेड सहन होत नाही. याच दिवसांत गालाच्या आत, दाढांसमोर बारीक पांढरे ठिपके दिसतात, डॉक्टर टॉर्च मारून तेच शोधतात. मग कानामागून, केसांच्या रेषेपासून पुरळ सुरू होतं आणि चेहरा, मान, छाती, पोट, पाय असं वरून खाली उतरतं, आणि पुरळ आल्यावर ताप उतरायच्या ऐवजी आणखी चढतो. पोरगं पार गळून गेलेलं असतं. फोडांत पाणी नाही. जाताना तपकिरी डाग आणि बारीक कोंडा.

याच्या उलट एक बारक्या पोरांचा आजार आहे, रोझिओला, सहा महिने ते दोन वर्षांच्या आसपास, तीन-चार दिवस सणसणीत ताप येतो, झटकन उतरतो, आणि ताप गेल्यावर पोटापाठीवर गुलाबी पुरळ येतं, तोवर पोरगं हसत खेळत असतं. ताप गेल्यावर पुरळ आणि पोरगं मजेत असेल तर बहुतेक वेळा हा, ताप चढताना पुरळ आणि पोरगं मलूल असेल तर गोवराचा संशय. काही लावायचं नाही, आपोआप जातं. मात्र त्या तापात अँटिबायोटिक सुरू केलेलं असलं की पुरळाचं खापर औषधावर फुटतं आणि पोराच्या फाइलवर जन्मभराची "पेनिसिलिन ॲलर्जी" लागते. तेही तपासून घ्यायला हवं, कारण औषधाचं खरं पुरळ पण असतं.

गोवराकडे परत येते. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईत गोवंडी भागात, मग भिवंडी, मालेगाव इथे साथ आली, लहान मुलं दगावली, हे काही फार जुनं नाही. हा व्हायरस हवेतून पसरतो, रुग्ण खोलीतून गेल्यावर दोन तासांपर्यंत तिथल्या हवेत राहतो, म्हणून गोवराचा संशय असेल तर पोराला घेऊन भरलेल्या वेटिंग रूममध्ये जाऊन बसू नका, आधी फोन करा, डॉक्टर बाजूने नाहीतर शेवटी बोलावतात. आणि गोवर झालेल्या मुलाला व्हिटॅमिन ए चे दोन डोस लागतात, लागोपाठ दोन दिवस, डोस वयाप्रमाणे डॉक्टर ठरवतात, डोळे आणि जीव दोन्हीसाठी. ते घरी बसून गुलाबी लोशन लावून मिळत नाही. लस सरकारी दवाखान्यात फुकट आहे, नऊ ते बारा महिन्यांत पहिली, सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरी. कांजिण्यांची लस मात्र सरकारी यादीत नाही, पैसे भरून खाजगीत, दोन डोस.

डेंग्यूचंही पुरळ येतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ताप उतरायला लागतो तेव्हा अंग लाल होतं आणि मध्ये मध्ये फिके गोल ठिपके सुटतात, पायांवर जास्त, खाजही येते, आणि घरातले म्हणतात चला ताप गेला, आता नुसती ॲलर्जी राहिलीय, लोशन द्या. डेंग्यूत धोक्याचे दिवस ताप उतरल्यावरच सुरू होतात. पोटात दुखणं, सारखी उलटी, हिरड्यातून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार, सुस्ती, लघवी कमी, यातलं काही असेल तर दुकानात येऊच नका, सरळ हॉस्पिटल. आणि पावसाळ्यातल्या कुठल्याही ताप-पुरळाला आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक, ॲस्पिरिन असलेलं औषध स्वतःच्या मनाने नको, घरात मागच्या वेळचं सिरप उरलेलं असतं ते लोक देतात. कांजिण्यांतही नको. फक्त पॅरासिटामॉल.

पित्त उठलं असेल तर ही बाटली बऱ्यापैकी चालते, निदान मनाला बरं वाटतं. त्याच्या गांधी ओळखायला सोप्या, एका ठिकाणी उठतात, काही तासांत तिथून जातात आणि दुसरीकडे उठतात. पेनने कडेने रेघ मारून ठेवा, दुसऱ्या दिवशी गांधी तिथे नसेल तर पित्तच. आज्जी आमसुलाचं पाणी लावतात, लावू द्या, कातडी फुटलेली नसेल तर काही बिघडत नाही. पण ओठ, डोळे, जीभ सुजली, आवाज बदलला, धाप लागली तर आमसूल नाही आणि कॅलामाइन पण नाही, १०८ लावा.

आता जिथे ही बाटली सगळ्यात जास्त वाया जाते ते सांगते, खरूज. घामोळं समजून, डास समजून, ॲलर्जी समजून महिनाभर कॅलामाइन लावलेली पोरं मी बघते. रात्री अंथरुणात गेल्यावर खाज वाढते का, बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, बेंबीभोवती, काखेत, मुलग्यांना लघवीच्या जागी पुटकुळ्या आहेत का, आणि घरात अजून कुणी खाजवतंय का, हे तीन प्रश्न विचारले की आई गप्प होते आणि मग हळूच म्हणते, हो, यांना पण होतंय. तान्ह्या बाळांत तर तळहात तळपायावर आणि डोक्यातही येते. त्याला पर्मेथ्रिन पाच टक्के क्रीम, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मानेपासून तळपायापर्यंत सगळ्या अंगाला, रात्रभर, सकाळी आंघोळ, सहसा आठवड्याने परत, आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, ज्याला खाज नाही त्यानेही. कपडे-चादरी गरम पाण्यात. लोक एका पोरापुरती ट्यूब नेतात आणि पंधरा दिवसांनी म्हणतात औषधात दम नाही. बरं, माइट म्हणजे खरजेचा बारीक किडा, तो मेल्यावरही खाज दोन-तीन आठवडे राहते, तेव्हा मात्र कॅलामाइन कामाला येतं, घ्या.

ट्यूबवरून आठवलं. "ती ट्यूब द्या, शेजारच्यांना दोन दिवसांत फरक पडला" असं म्हणून जी मागतात त्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्ट्रॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र कोंबलेलं असतं. खाज थांबते म्हणून सगळ्यांना आवडते, पण खरूज आणि नायटा त्याखाली पसरत राहतात, रूप बदलतात आणि मग स्किनवाल्या डॉक्टरलाही ओळखायला जड जातं. २०१८ मध्ये सरकारने बऱ्याच स्ट्रॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केलीय, तरी मिळतात हे मीच सांगतेय, माझ्याच धंद्यातली गोष्ट आहे. मी देत नाही, गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं, जाऊ दे. त्या ट्यूबच्या तुलनेत कॅलामाइनला पाचपैकी सात.

किरकोळ बाकीचं. नाकाखाली, तोंडाभोवती मधाच्या रंगाची खपली असेल तर ते बॅक्टेरियाचं इन्फेक्शन, अँटिबायोटिक मलम लागतं. घसा दुखतोय, ताप आहे, अंगाला हात लावला तर पॉलिश पेपरसारखं लागतंय आणि जीभ लालभडक दाणेदार, तर स्कार्लेट फिवर, त्याला अँटिबायोटिकचा पूर्ण कोर्स, मध्ये सोडायचा नाही. पाच दिवस उलटून गेले तरी ताप हटत नाही, डोळे लाल पण चिपडं नाही, ओठ फुटलेले, हातपाय सुजलेले, तर कावासाकीचा विचार डॉक्टर करतात, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा मामला आहे, उशीर नको. दोन्ही गाल थापड मारल्यासारखे लाल आणि मग हातांवर जाळीदार पुरळ, पोरगं ठणठणीत, तर तो पार्व्हो व्हायरस, पोराला काही नाही, पण घरात कुणी गरोदर असेल किंवा कुणाला सिकलसेल असेल तर डॉक्टरला लगेच सांगा.

आणि काचेचा पेला. हे प्रत्येक घराला यायला हवं. पारदर्शक काचेचा पेला डागावर दाबायचा, काचेतून डाग फिका पडला तर ठीक, तसाच लाल-जांभळा राहिला तर कातडीखाली रक्त आलंय. सोबत ताप असेल तर थांबायचं नाही, रात्र असो की काही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल तर पुरळ असो नसो, तसंच. आणि लोशन लावलेल्या अंगावर ही टेस्ट जमत नाही, परत तोच माझा रंगाचा मुद्दा.

घरातल्या मोठ्यांशी वाद घालायचा नसतो, मी घालत नाही. कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवा, फोडणी नका देऊ आठवडाभर, कुणाचं काही बिघडत नाही. पण आंघोळ बंद ठेवायची नाही, कोमट पाण्याने रोज घाला, फोड घासू नका, नखं कापा, नाहीतर फोडांत पू होतो. आणि "अंगातून सगळं बाहेर पडू दे" म्हणून डॉक्टरकडे न्यायला उशीर करायचा नाही, तिथे मात्र मी काउंटरवरूनच आवाज चढवते. अजून एक, आजोबांना नागीण झाली असेल आणि नातवाला कांजिण्यांची लस झालेली नसेल तर फोड झाकून ठेवा, व्हायरस तोच आहे, नातवाला कांजिण्या होऊ शकतात.

आता खरेदीचं. साधी बाटली घ्या ज्यावर कॅलामाइन आणि झिंक ऑक्साइड एवढंच ठळक असेल, टक्केवारी कंपनीप्रमाणे बदलते, आठ असो की पंधरा, खाजेला फरक विशेष नाही. कोरफड, सुगंध वगैरेचे जास्त पैसे देऊ नका, सुगंधाने उलट काही पोरांना चुरचुरतं. डायफेनहायड्रामिन (हे ॲलर्जीचं औषध) लिहिलेलं असेल तर कांजिण्यांच्या पोराला लावू नका, फुटलेल्या कातडीतून अंगात शिरतं आणि वरून ॲलर्जीचं सिरप चालू असेल तर डोस डबल होतो. तोंडाला लावायची क्रीमसारखी जी कॅलामाइनच्या नावाने मिळतात ती वेगळी गोष्ट आहे, कॉलेजच्या मुलींसाठी. हलवून घ्या, तळाशी गाळ बसतो, न हलवता लावलं तर नुसतं पाणी लागतं आणि लोक म्हणतात बाटली डुप्लिकेट आहे. कापसाने टिपून लावा, चोळू नका, डोळे, तोंड, उघडी जखम सोडून. जुना थर साठवत बसू नका, आंघोळीत धुऊन टाका. शाळेच्या पांढऱ्या शर्टाला लागलं तर साध्या साबणाने निघतं.